टिळे लावणारी बाई

फार पूर्वीपासून शरीर नावाच्या गावात भिंतीला भिंत लागून घरं होती. त्या घरांना पेशी म्हणत. अशाच एका पेशीत टिळे लावणारी एक बाई राहायची.

दारातून अन्न यायचं, त्यातूनच टिळ्याचा रंग मिळायचा. विटा वाहणारे हमाल निघाले, की बाई त्यांच्या कपाळाला टिळा लावी. टिळा असेल त्याचीच वीट गवंडी नीट बसवी. पुस्तकात या हमालांना टी-आरएनए म्हणतात. अन्न कमी आलं की रंगही कमी, मग बांधकाम आपोआप मंदावे.

गावाची एक रीत होती. रंगात बोट बुडवण्याआधी भिंतीवर थाप द्यायची. पलीकडून थाप आली, म्हणजे शेजारी जेवलेत. मग कामाला लागायचं. बाईला तेवढीच काय ती सोबत.

एके दिवशी घरमालक दरवानाला म्हणाला, "आजपासून दार लावायचं नाही."

"मालक, आत ठेवायला जागा नाही."

"मग जागा बांधू."

शेजाऱ्यांच्या वाट्याचंही अन्न आत लोटलं. रंगाचं मडकं भरून वाहू लागलं. हमालांची रांग लागली.

"मावशी, थापा कसल्या देत बसलात? कपाळ घेऊन किती वेळ उभं राहायचं?" एक हमाल म्हणाला.

"शेजारणीला विचारते रे."

"ती काय पळून जातेय? उद्या विचारा."

बाईने थाप देणं सोडलं. घर फुगत गेलं. अशा वाढीलाच कर्करोग म्हणतात. हमाल कपाळ पुढे करत आणि पळत. दिवसभर माणसं समोर, पण एकाशीही बोलणं नाही.

एका दुपारी रांग जरा तुटली. बाईने भिंतीवर थाप दिली. उत्तर नाही. दुसऱ्या भिंतीवर दिली. तिथेही नाही.

"का थांबलीस?" मालकाने विचारलं.

"शेजार उपाशी मेला, मालक."

"मग भिंत पाडू. तेवढीच जागा होईल."

बाई मडक्याकडे बघत राहिली. रंग गेला तर हे घर पडणार, आणि घराबरोबर तीही. तिने मडकं मोरीत पालथं केलं.

बिनटिळ्याचे हमाल अडखळले. विटा वाकड्या बसल्या, भिंती खचल्या, दार ढासळून बंद झालं. आत शिरणारं अन्न पुढच्या आळीकडे वळलं.

तिथे उशिरा का होईना, पानं वाढली गेली. कुणामुळे, ते तिथे कुणालाच कळलं नाही. आणि जाताना सांगायला बाईला शेजार उरला नव्हता.

तात्पर्य एवढंच: पोट भरलं की आपलं दार लावावं, आणि शेजाऱ्याची चौकशी उद्यावर टाकू नये.