सहाव्या जोडातलं कडं

एकदा एक भौतिकशास्त्रज्ञ होते. इतके वृद्ध की अणूसुद्धा त्यांना वाकून नमस्कार करतात, असं प्रयोगशाळेतले शिपाई शपथेवर सांगत. त्यांच्या शिष्याने अकरा देशांच्या साहाय्याने एक भव्य यंत्र उभारलं होतं. त्याच्या पोटातली सगळी हवा काढून टाकायची आणि त्या निर्वात पोकळीत विश्वाचे अतिसूक्ष्म कण पकडायचे, अशी योजना. उद्घाटनाला मंत्री येणार होते. यंत्र त्यांच्यासमोर सुरू झालं की शिष्य संस्थेचा प्रमुख होणार, हे ठरलेलं. त्याने नवा कोटही शिवून घेतला होता.

त्या सकाळी त्याने पंप सुरू केला. पंप घरघरला, पण दाबाचा काटा जागचा हलेना. कुठून तरी हवा सुस्कारे टाकत आत शिरत होती. शिष्य कोटासकट यंत्राखाली घुसला आणि पाहतो तो काय, सहाव्या जोडात दोन नळ्यांच्या मध्ये दाबून बसवलेलं तांब्याचं कडं गायब!

बाहेर आला तेव्हा त्याचे वृद्ध सर बाकावर शेंगदाणे खात बसले होते. कडं त्यांच्या बोटांत फिरत होतं.

"सर! हे तुम्ही काढलंत?"

"हो. पाना फार जड आहे रे तुमचा. दम लागला."

"अहो, एकदा दाबलेलं कडं पुन्हा बसत नाही! तासाभरात मंत्री येतील. माझी तीन वर्षांची मेहनत..." संतापाने त्याचा आवाज चिरकला. "तुमच्या वयाचा मान ठेवतो म्हणून, नाहीतर..."

"नको ठेवूस. हे कडं कुणी घडवलं?"

"नातेलाबाईंनी. अकरा देशांपैकी त्या डोंगराळ देशातल्या. त्यांच्याकडून पार्सलने नवं मागवतो."

"पार्सलने कशाला? आज त्या इथेच असायला हव्यात ना?"

शिष्य गडबडला. "त्यांना व्हिसा मिळाला नाही. आपल्या निमंत्रणाचं पत्र लागतं. ते जरा राहून गेलं. आणि सर, एवढ्याशा कड्यासाठी इतक्या लांबून कुणाला..."

शेंगदाण्याची पुडी बाकावर आपटली गेली. सरांना इतकं संतापलेलं शिष्याने कधी पाहिलं नव्हतं.

"पाना शोधताना तुझ्या खणात तिची तीन पत्रं सापडली. पहिल्यात निमंत्रणाची विनंती आहे. दुसऱ्यात आठवण. तिसऱ्यात ती विचारते, 'माझं काही चुकलं का?' लाज नाही वाटली? तिचा झेंडा फाटकावर फडकवलास, तिचं कडं यंत्रात बसवलंस, अकरा देश, अकरा देश म्हणून गावभर मिरवलास. झेंडा चालला, कडं चाललं, बाई तेवढी नको झाली! बोल्ट कसे आवळायचे हे तुला कुणी शिकवलं?"

"त्यांनीच," शिष्य पुटपुटला. "संगणकाच्या पडद्यावरून. एक इकडचा थोडा आवळायचा, मग समोरचा थोडा."

"आणि एकाच बाजूचे आवळत गेलं तर?"

"दुसरीकडून हवा शिरते."

"शिरली ना?"

तासाभराने मंत्री आले. शिष्य यंत्राखाली कोटाला लागलेला काळा डाग न पुसताच मंचावर गेला. म्हणाला, "यंत्र आज चालणार नाही. एका सहकाऱ्याच्या पत्रांना मी उत्तर दिलं नाही. चूक माझी आहे." मंत्र्यांना वाटलं, भाषण संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

प्रमुखपद अर्थातच दुसऱ्याकडे गेलं. निमंत्रणाचं पत्र मात्र त्याच संध्याकाळी गेलं, सोबत माफीचं एक वेगळं. दोन महिन्यांनी नातेलाबाई आल्या. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली चार नवी कडी होती. एक कडं सहाव्या जोडात बसवलं गेलं, आणि नळीच्या एका अंगाला त्या, दुसऱ्या अंगाला शिष्य, असे दोघे उभे राहिले. बाईंनी आपल्याकडचा बोल्ट किंचित आवळला आणि पाना त्याच्या हाती दिला.

"आता तुमच्या बाजूचा," त्या म्हणाल्या.

त्याने अगदी थोडाच आवळला, आणि पाना परत दिला.