डाव्या हाताचा चहा

“मास्तर, मी का ती? एकदाचं सांगून टाका.”

शर्वरीने कमरेवर हात ठेवून विचारलं. सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

दस्तगीर मास्तर उकिडवे बसून खेळपट्टीवरच्या काथ्याच्या मॅटला खिळे ठोकत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. ठक्... ठक्... खिळा बसला. त्यांनी दुसरा घेतला.

“मास्तर!”

“ऐकतोय.”

आणि पुन्हा ठक्... ठक्...

शर्वरी गुरवच्या नाकावर राग एरवीही बसलेलाच असायचा. त्या दिवशी त्याला कारणही होतं. विभागाच्या एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या संघात चौदा नावं पक्की झाली होती. पंधरावी जागा डावखुऱ्या फिरकी गोलंदाजासाठी राखलेली होती, आणि आरळगावच्या या माळावर डावखुऱ्या होत्या दोघी. एक शर्वरी. दुसरी पूनम वडर.

निवड समितीचे देशमाने साहेब सकाळपासून लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून दोघींना पाहत होते. नाव घेतल्याशिवाय उठणार नाही, असं ते आल्या आल्याच म्हणाले होते.

शर्वरीचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. त्यातून वडिलांनी घरी बजावून ठेवलं होतं... यंदा नाव आलं तर खेळ, नाहीतर पाव्हण्यांना बोलावतो.

“माझा बॉल हातभर वळतो,” ती म्हणाली. “तिचा? गाडीरस्त्यासारखा सरळ.”

“सरळ जातो,” पूनम बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, “पण स्टंपात जातो. तुझा वळून वळून किपरच्या पण पलीकडं जातोय.”

“तू गप. तुला विचारलं न्हाई.”

“मग वरडून कशाला विचारतीस? कानात विचार की.”

देशमाने साहेब हसले. त्यांना हे सगळं आवडत होतं.

“मास्तर, मुलगी काही चुकीचं विचारत नाही. माझाही सवाल तोच आहे. एक बॉल वळवते, दुसरी टप्पा सोडत नाही. तुमच्या हाताखालच्या पोरी, तुम्हीच सांगा यातली सरस कोण. एका म्यानात दोन तलवारी काही राहत नाहीत.”

मास्तरांनी शेवटचा खिळा ठोकला. हातोडी बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठले.

“शर्वे, बॉल घे.”

तिने बॉल उचलला. चला, परीक्षा तर परीक्षा. तिला परीक्षेची भीती नव्हती, मास्तरांच्या गप्प बसण्याची होती.

“पूनम, तूबी ये.”

मास्तरांनी पूनमच्या दंडाला धरून तिला शर्वरीच्या शेजारी उभं केलं. खांद्याला खांदा. दोघी गोलंदाजाच्या टोकाला. समोरच्या टोकाला नुसते तीन स्टंप. बॅट घेऊन कुणीच नाही.

“हं. पूनमला आउट कर.”

शर्वरीला वाटलं, मास्तर बोलताना चुकले. तिने पूनमला कोपराने ढोसलं. “जा, बॅट घे.”

“न्हाई,” मास्तर म्हणाले. “ती हितंच ऱ्हाऊ दे.”

“हितं उभी राहून ती आउट कशी होईल?”

“ते तू बघ. तुझा बॉल हातभर वळतोय.”

पूनम फिस्सकन हसली. तेवढं हसू पुरलं. शर्वरी तिरीमिरीत धावली आणि तिने बॉल टाकला. टप्पा पडून तो असा फिरला की साहेब खुर्चीत पुढे सरकले. ऑफ स्टंप आडवा झाला.

“घ्या!” ती म्हणाली.

मास्तरांनी पूनमकडे पाहिलं. “आउट झालीस?”

“न्हाई वो.”

“न्हाई म्हणतीया,” मास्तर शर्वरीला म्हणाले.

ती गेली, स्टंप ठोकून आली, पुन्हा धावली. या वेळी मधला स्टंप उडाला. मागे वळून बघते तर पूनम होती तिथेच. केससुद्धा हलला नव्हता.

“आता?”

“न्हाई अजून,” पूनम म्हणाली.

शर्वरीने जाऊन बॉल आणला आणि मॅटवर आपटला.

“असला बॉल नसतोय मास्तर! जगात कुणाकडं नसतोय!”

“नसतो?”

“नसतो!”

“मग सकाळधरनं काय टाकतीस?”

मागे पोरी क्षेत्ररक्षणाचा सराव करत होत्या, त्यासुद्धा थांबल्या.

शर्वरीच्या तोंडावर उत्तर होतंच. तिच्या तोंडावर कायम असायचं. पण तिने ते द्यायच्या आधी आठवून पाहिलं, सकाळी आपल्यासमोर बॅट घेऊन कोण कोण उभं होतं. एकीचाही चेहरा नीट आठवेना. आठवत होती ती पूनम. प्रत्येक बॉलनंतर पूनमने पाहिलं का, साहेबांनी पूनमचा टप्पा पाहून मान हलवली का, एवढंच आठवत होतं.

तिला लाज वाटली. आणि लाज वाटली याचा आणखी राग आला.

मान खाली घालणं तिला जमत नसे. तिने वाकून बॉल उचलला, विजारीला पुसला आणि आभाळाकडे बघत उभी राहिली.

“वा मास्तर,” देशमाने साहेब म्हणाले. “पोरीला शिकवण छान दिलीत. आता मला नाव द्या.”

“चहा घ्या आधी,” मास्तर म्हणाले.

नाक्यावरच्या हॉटेलातून किटली आलेली होती.

या माळावर चहाची एक रीत होती. ज्या हाताने बॉल टाकायचा, त्याच हाताने चहा घ्यायचा आणि त्याच हाताने द्यायचा. मास्तर स्वतः उजवे. रीत कधी सुरू झाली, कुणाला ठाऊक नव्हतं. पण शर्वरीला ती कधी लागली हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गुरवाच्या घरात डाव्या हाताला काही किंमत नसते. तीर्थ उजव्या हातावर, प्रसाद उजव्या हातात, बेलाचं पानसुद्धा उजव्याच हाताने. लहानपणी तिचा डावा हात पुढे आला की आत्या पळीच्या दांड्याने त्यावर टोला द्यायची. त्यामुळे पहिल्यांदा माळावर आली तेव्हा चहा घ्यायला तिने शहाण्यासारखा उजवा हात पुढे केला. मास्तरांनी कप मागे घेतला.

“बॉल कुठल्या हातानं टाकलास?”

तिने भीत भीत डावा पुढे केला. मोठ्या माणसाच्या हातून डाव्या हाताने काही घ्यायची तिची ती पहिलीच वेळ. कुणी टोला दिला नाही. चहा गरम होता. त्या दिवशी ती घरी जाईपर्यंत रडत गेली होती आणि आपण का रडतोय ते तिला कळलं नव्हतं.

“शर्वे,” मास्तर आता म्हणाले, “साहेबांना चहा दे.”

तिने कप भरला आणि साहेबांच्या पुढे केला. डाव्या हाताने.

साहेबांचा हात अर्ध्यात थांबला.

“अगं, उजव्या हाताने दे. पाहुण्याला डाव्या हाताने देतात का?”

देशमाने साहेब काही वाईट माणूस नव्हते. जन्मात कुणी त्यांना डाव्या हाताने काही दिलं नव्हतं, एवढंच.

शर्वरीचा उजवा हात आपोआप वर आला. आत्याने लावलेलं वळण ते, सहजी जात नाही. पंधरावी जागा त्या हातात होती. कप फक्त इकडचा तिकडे करायचा होता. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हातोडीचा दांडा घट्ट बसलाय का बघत होते.

तिने उजवा हात पाठीमागे नेला.

“हितं असाच मिळतो, साहेब.”

“असेल. पण तिकडे संघात हे चालत नाही हं. शिस्त असते.” साहेब अजूनही हसत होते, पण जरा कमी. मग त्यांनी मान वळवली. “पूनम, तू दे गं चहा.”

किती सोपं होतं! तिचं नाव खोडायला बॉल लागला नाही, टप्पा लागला नाही. पूनमने आता उजवा हात पुढे केला की संपलं. आणि का करू नये तिने? सकाळपासून शर्वरी तिला गाडीरस्ता म्हणत होती.

पूनमने किटलीतून कप भरला. शांतपणे भरला. चालत आली. मघाशी मास्तरांनी उभी केली होती तशी येऊन शर्वरीच्या शेजारी उभी राहिली, खांद्याला खांदा लावून.

आणि तिने हात पुढे केला.

डावा.

“घ्या साहेब,” पूनम म्हणाली. “साखर जास्त हाय माझ्यात.”

दोन कप. दोन डावे हात. कपांतून वाफ वर जात होती. शर्वरीला पूनमकडे बघवेना. बघितलं असतं तर रडू आलं असतं, आणि साहेबांसमोर रडायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं. तिच्या खांद्याला पूनमचा खांदा लागत होता. दगड फोडणाऱ्यांच्या घरातला तो खांदा, हलत नव्हता.

“हे काय?” साहेब म्हणाले. “मी एक कप मागितला.”

शर्वरीला सकाळपासून पहिल्यांदा समोर कोण आहे ते नीट दिसलं. कोरी इस्त्री. छातीवर बिल्ला. कपाळावर थोडा घाम.

“साहेब,” तिने विचारलं, “त्या चौदा जणींत उजव्या हाताच्या किती?”

“...सगळ्याच.”

“त्यांना निवडताना कुणी म्हणालं का, उजवी एक घेतली, आता दुसरी नको?”

साहेबांनी छातीवरचा बिल्ला सरळ केला.

“जागा एकच आहे,” ते म्हणाले.

“डाव्याला एक,” पूनम म्हणाली. “उजव्याला चौदा.”

“आणि भांडायचं आम्ही दोघींनी,” शर्वरी म्हणाली.

मागच्या पोरी जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. दोघींचे हात तसेच पुढे होते. शर्वरीच्या बोटांना चटका बसत होता, पण तिने कप खाली घेतला नाही.

साहेबांनी खुर्चीत चुळबुळ केली. या कपाकडे पाहिलं, त्या कपाकडे पाहिलं. मग मदतीसाठी पलीकडे पाहिलं.

“मास्तर, अहो, काय चाललंय हे? तुमच्या पोरींना काहीतरी सांगा.”

दस्तगीर मास्तरांनी आपल्या कपातला शेवटचा घोट घेतला. कप खाली ठेवला. हातोडी उचलून खांद्यावर टाकली.

“साहेब,” ते म्हणाले, “जपून... बॅटिंग तुमची हाय.”