मिटकूने गिटारची वायर कुरतडली

वसईला केळीच्या वाडीत एक घर. घरात इनासकाका आणि फिलूमावशी. आणि कपाटामागे उंदराचं एक पिल्लू. एवढंसं! बोटाएवढं. त्याचं नाव मिटकू.

काकांची एक जुनी गिटार होती. तिच्या पोटाला गोल भोक. पोटात एक वायर. ती वायर जायची स्पीकरला. दुपारची जेवणं झाली की काका गिटार मांडीवर घ्यायचे.

टुंग टुंग टुडुंग! टुंग टुंग टुडुंग!

स्पीकरमधून गाणं पार वाडीत जायचं. मावशी केळींना पाणी घालता घालता गुणगुणायची. आणि कपाटामागे मिटकूला गाढ झोप लागायची.

एक दिवस काय झालं? मिटकूचे दात शिवशिवले. फार शिवशिवले. ते गिटारच्या पोटात शिरलं. तिथे होती मऊ मऊ वायर.

कुरूम कुरूम. कुरूम कुरूम. कट्ट!

वायर तुटली! मिटकू घाबरलं. पळालं. तुरुतुरु तुरुतुरु.

दुसऱ्या दिवशी काकांनी तार छेडली. स्पीकर म्हणाला, "खर्रर्र!"

पुन्हा छेडली. "खर्रर्र!"

"म्हातारी झाली बिचारी," काका म्हणाले. त्यांनी गिटार उचलली आणि कपाटावर ठेवून दिली.

मिटकूने सगळं ऐकलं. पण ते काही बोललं नाही.

खूप खूप दिवस गेले. गिटारवर धूळ बसली. तारा गंजल्या. दुपारी काका गप्प. मावशी गप्प. केळीसुद्धा गप्प. मिटकू या कुशीवर वळलं. त्या कुशीवर वळलं. झोप काही येईना!

मग मिटकू निघालं. तुरुतुरु तुरुतुरु. गेलं कपाटावर, गिटारकडे.

"गिटारताई, गिटारताई, गाणं गा.
मला झोप येईना!"

गिटार म्हणाली, "गाईन की! पण माझं पोट दुखतंय. काकांनी बघितलं तर गाईन."

गिटारने मिटकूकडे बघितलं. मिटकूने खाली बघितलं. आणि ते निघालं.

तुरुतुरु तुरुतुरु. गेलं काकांकडे.

"काका, काका, गिटार बघा.
गिटार गाईना,
मला झोप येईना!"

काका म्हणाले, "बघीन की! पण केवढी ती धूळ! फडक्याने पुसली तर बघीन. आणि खरं सांगू का मिटकू, ती आता म्हातारी झाली रे. म्हाताऱ्यांचा आवाज बसायचाच."

मिटकूने शेपटी गोळा केली आणि ते निघालं.

तुरुतुरु तुरुतुरु. गेलं फडक्याकडे.

"फडक्या, फडक्या, गिटार पूस.
काका बघेनात,
गिटार गाईना,
मला झोप येईना!"

फडकं म्हणालं, "पुसीन की! पण मीच मळलंय. बघ, किती काळं! मावशीने धुतलं तर पुसीन."

तुरुतुरु तुरुतुरु. गेलं मावशीकडे.

"मावशी, मावशी, फडकं धू.
फडकं पुसेना,
काका बघेनात,
गिटार गाईना,
मला झोप येईना!"

मावशी म्हणाली, "धुईन की! पण बादली रिकामी. बादली भरली तर धुईन. कित्ती दिवसांत गाणं नाही ऐकलं रे! चांगली होती गिटार. अशी कशी बिघडली कोण जाणे."

मिटकूला माहीत होतं. त्याचे कान लाल लाल झाले.

तुरुतुरु तुरुतुरु. गेलं बादलीकडे.

"बादली, बादली, पाणी भर.
मावशी धुईना,
फडकं पुसेना,
काका बघेनात,
गिटार गाईना,
मला झोप येईना!"

बादली म्हणाली, "भरीन की! पण विहिरीने पाणी दिलं तर भरीन."

तुरुतुरु... तुरु... तुरु... मिटकू दमलं होतं. दमत दमत गेलं विहिरीकडे.

"विहिरी, विहिरी, पाणी दे.
बादली भरेना,
मावशी धुईना,
फडकं पुसेना,
काका बघेनात,
गिटार गाईना,
मला झोप येईना!"

विहीर खोल होती. तिचा आवाजही खोल होता. ती म्हणाली, "देईन की! पण आधी सांग. गिटार का गाईना?"

मिटकूने पायाने माती उकरली.

विहीर वाट बघत राहिली. केळीचं एक पान हललं. सळ सळ.

मिटकू हळूच म्हणालं, "वायर तुटलीय."

"कुणी तोडली?"

मिटकूची मिशी थरथरली. डोळ्यांतून दोन थेंब पडले. टिप्. टिप्.

"मी तोडली," मिटकू म्हणालं. "मी कुरतडली. काका तिला म्हातारी म्हणाले. तरी मी बोललो नाही."

विहीर म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांची गिटार, त्यांना सांग. सांगितलंस तर पाणी देईन."

मिटकू परत निघालं. या वेळी तुरुतुरु नाही. हळू... हळू... हळू... बादलीजवळून गेलं. मावशीजवळून गेलं. फडक्याजवळून गेलं. काकांच्या पायाशी जाऊन बसलं.

"काका, गिटार म्हातारी नाही झाली. मी तिची वायर कुरतडली. माझं चुकलं."

काका उठले. स्टुलावर चढले. गिटारवर हात ठेवला.

"बाबांनी दिली होती मला," काका म्हणाले. "मी तुझ्याएवढा होतो... नाही नाही, तुझ्यापेक्षा थोडा मोठा."

मिटकू आणखी लहान झालं.

काका गिटारला म्हणाले, "तुला मी उगाच म्हातारी म्हटलं. माझंही चुकलं गं." आणि मग त्यांनी खिडकीतून हाक मारली, "विहिरी, आता दे पाणी! मिटकूने सांगितलं!"

मग काय!

विहिरीने पाणी दिलं. डुबुक डुबुक!
बादली भरली. खळाळ खळाळ!
मावशीने फडकं धुतलं. थप थप, थप थप!
ओलं फडकं गिटारला चालत नाही. म्हणून ते दोरीवर बसलं. ऊन म्हणालं, "मी आयतंच आहे!" आणि फडकं वाळलं. कडकडीत!
फडक्याने गिटार पुसली. सुईं सुईं, सुईं सुईं! धूळ गेली. आतून पिवळं पिवळं लाकूड हसलं.
काकांनी गिटारचं पोट बघितलं. गंजक्या तारा काढल्या. नव्या तारा लावल्या. वायरची दोन टोकं जोडली. मिटकूने नीट धरून ठेवली. दातांनी नाही हं! हातांनी.

मग काकांनी तार छेडली.

टुंग टुंग टुडुंग! टुंग टुंग टुडुंग!

वाडीत मावशीने ऐकलं. हातातलं भांडं तिथेच टाकून ती धावत आली.

पण मध्येच बारीकसं "खर्र" झालं. अगदी बारीक.

"हे असंच राहणार," काका म्हणाले. "जोडलेली वायर ती. आधीसारखी कशी होणार?"

मिटकूने मान खाली घातली.

मावशीने त्याला करवंटीचा एक तुकडा दिला. "दात शिवशिवले की हे कुरतड. बाकी कशाला तोंड लावायचं नाही. कळलं?"

"कळलं, मावशी."

काका वाजवत राहिले. मिटकू गिटारजवळ सरकलं. हळूच विचारलं, "गिटारताई, वायर मी तोडली हे तुला माहीत होतं?"

"होतं की. माझ्याच पोटात होतास तू."

"मग काकांना सांगितलं का नाहीस?"

"वाटलं, तू सांगशील."

मिटकूने गिटारला गाल लावला. लाकूड गरम होतं. आतून गाणं येत होतं. त्याचे डोळे मिटायला लागले.

"गिटारताई, माझं चुकलं."

"हो रे. चुकलं. नीज आता."

टुंग... टुंग... टुडुंग...

काकांनी हात आवरला. मावशीने दार लोटलं. मिटकू निजलं. गोष्टही निजली.