मुंगळ्याचा आखूड पाय

तापीकाठच्या एका गावात हेमलता नेहेते नावाची एक खटपटी बाई राहायची. पोस्टातलं काम आटोपून घरी आली, की ही बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालणारे रोबो बनवायची. बिघडलेल्या खेळण्यांच्या मोटारी, आइस्क्रीमच्या काड्या, डब्यांची झाकणं, नुसता पसारा! लाटणं शोधायला जावं, तर हाती स्क्रू-ड्रायव्हर यायचा.

हात हुशार होते हो तिचे, पण जिभेला एक खोड होती. काही बिनसलं, की ती म्हणायची, "चालेल!" तिच्या नव्या सहा पायांच्या रोबोचं नाव होतं मुंगळा. त्याचा एक पाय तांदळाच्या दाण्याएवढा आखूड झाला. "चालेल!" एक स्क्रू ढिला राहिला, तिथे तिने रबर गुंडाळलं. "चालेल!"

नवरा वासुदेवराव म्हणाले, "हेमा, अगं हा सारखा डावीकडेच जातोय."

"चालेल हो!"

"चालेल गं, पण कुठे?"

त्याच सुमारास वाचनालयामागची एक खोली रिकामी झाली. हेमलताला ती अगदी मनापासून हवी होती. तिथे गावातल्या सगळ्यांना रोबो बनवायला शिकवायचं तिच्या मनात होतं. पण गावातल्या कॅरमवेड्या काशिनाथभाऊंना तीच खोली कॅरमसाठी हवी होती. शेवटी सरपंच रेखाताईंनी तोडगा काढला.

"हेमलताताई, रविवारी तुमचा मुंगळा वाचनालयाच्या लांब टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून दाखवा. मध्ये हात लावायचा नाही. चालला तर खोली तुमची, नाही तर भाऊंची."

रविवारी सकाळी सगळा गाव लोटला. मुंगळा मोठ्या ऐटीत निघाला. अर्ध्या टेबलावर आला, डावीकडे वळला आणि धपकन खाली पडला! एकच हशा पिकला. हेमलताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

रेखाताईंना तिची दया आली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो ताई. अर्धं टेबल तरी गेला ना? चालेल! घ्या खोली."

"चालेल, चालेल!" लोकांनीही माना डोलावल्या. काशिनाथभाऊंचं तोंड उतरलं.

आता फक्त हो म्हणायचं बाकी होतं. पण आपलाच शब्द दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला आणि तो हेमलताला काट्यासारखा टोचला. तिला वाटलं, त्या खोलीत बसून मी लोकांना शिकवणार तरी काय? पडलेला रोबो उचलायचा आणि 'चालेल' म्हणायचं?

"नाही चालणार!" ती ताडकन म्हणाली. "मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. तोवर जमलं नाही, तर खोली भाऊंची. माझी काही तक्रार नाही."

"अगं बये, तोंडाशी आलेला घास टाकतेस?" वासुदेवरावांनी कपाळाला हात लावला.

हेमलताने घरून हत्यारांची पेटी मागवली आणि तिथेच बैठक मारली. मुंगळ्याचे सहाही पाय उपसले आणि शेजारी शेजारी मांडले. आखूड पाय बाजूला टाकून नवा कापला. कानशीने घासला, बाकीच्यांशी ताडून पाहिला, पुन्हा घासला. रबर काढून तिथे नीट स्क्रू बसवला. चालवून पाहिला, तर मेला पुन्हा डावीकडेच! 'चालेल' अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि नवा पाय परत काढून केसभर घासला. जेवायची वेळ टळून गेली, तरी लोक उठेनात.

ऊन उतरलं तेव्हा मुंगळा पुन्हा टेबलावर उभा राहिला. टुकटुक, टुकटुक करत निघाला. अर्ध्यावर आला, तसे सगळे टेबलाकडे सरकले. पण तो वळला नाही! नाकासमोर सरळ चालत राहिला. ते पाहून काशिनाथभाऊच लगबगीने टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गेले आणि ओंजळ धरून उभे राहिले. मुंगळा टेबल संपवून थेट त्यांच्या ओंजळीत उतरला.

"चालला! अरे, चालला!" भाऊ मुंगळा डोक्यावर धरून नाचायलाच लागले. टाळ्या थांबेनात. रेखाताईंनी खोलीची किल्ली हेमलताच्या हातात ठेवली. हेमलता हसत होती, रडत होती, पण मान कशी ताठ होती!

तात्पर्य: 'चालेल' म्हणून सोडून दिलेलं काम कधीच चालत नाही, 'नाही चालणार' म्हणायची हिंमत ज्याच्यात असते, त्याचंच काम पुढे चालतं.