अंगठाभर जमीन

फार वर्षांपूर्वी, म्हणजे डोंगरावर अजून मोटारीचा रस्ता नव्हता आणि मिठासाठी तीन दिवस चालत समुद्र गाठावा लागायचा तेव्हा, इंडोनेशियातल्या एका बेटावर ढगांच्या उंचीला वेरोंग नावाचं गाव होतं. गाव केवढं, तर गवताने शाकारलेली पाच उंच गोल घरं, एकेका घरात आठ-आठ चुली, मधे अंगण आणि खाली उतारावर शेतं. ही शेतं आपल्यासारखी चौकोनी नव्हती बरं का. वरून पाहिलं तर कोळ्याचं जाळं पसरल्यासारखी दिसायची.

ते कसं, हे नीट ऐका, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. जंगल साफ करून नवं शेत काढलं की त्याच्या बरोबर मध्यावर एक लाकडी खुंट रोवायचा. खुंटाच्या भोवती, एकेका चुलीच्या नावाने, मातीत एक बोट टेकवायचं आणि बोटाच्या दोन्ही अंगांना खूण करायची. मग त्या खुणांपासून सालीच्या दोऱ्या सरळ काठापर्यंत ओढायच्या. मध्यावर बोटभर असलेली जागा काठाला पोचेपर्यंत पन्नास पावलं रुंद व्हायची. सगळ्यांना एकच बोट, म्हणून सगळ्यांना सारखंच शेत. शेवटी कोंबड्याचं रक्त खुंटावर शिंपडलं की वाटणी पक्की. मग खुंट आपणहून कुजून पडेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. त्याला सात वर्षं लागोत नाहीतर दहा.

बोट टेकवायचा मान गावात एकाचाच असायचा, आणि त्या काळी तो गांगुतचा होता. एम्पो गांगुत म्हणायचे त्याला. एम्पो म्हणजे आजोबा, पण मान द्यायचा असला की तिकडे परक्या म्हाताऱ्यालाही एम्पोच म्हणतात. गांगुतची बायको वारली होती, लेकी लग्न होऊन खालच्या खोऱ्यात गेल्या होत्या, आणि त्याच्यापाशी अभिमान बाळगावा असं एकच काही उरलं होतं, ते म्हणजे हे बोट. चाळीस वर्षांत ते केसभर हललं नव्हतं. असं म्हणतात, की तो रस्त्याने निघाला की बायका पोरांना म्हणायच्या, बघ, ते बोट चाललंय.

फक्त एक गोष्ट त्याला खुपायची. समोरच्या डोंगरावरच्या गावात काशाची एक भलीमोठी थाळी होती. सुगी आली की ते लोक ती लाकडी मोगरीने वाजवायचे आणि तिचा घुमारा दरी ओलांडून थेट वेरोंगच्या अंगणात यायचा. वेरोंगकडे आपले कातड्याचे ढोल. गांगुत तेवढा वेळ घरात जाऊन बसायचा.

एका वर्षी जुना खुंट पडला आणि नवं शेत काढायचं ठरलं. नेमका त्याच सुमाराला किनाऱ्याकडून बारुंग नावाचा व्यापारी वर आला. माणूस गोड, हसरा, आल्याबरोबर सगळ्यांना सुपारी वाटणारा. त्याच्यामागून दोन घोडे आले आणि त्यांच्या मधे दांड्याला टांगलेली काशाची थाळी आली, समोरच्या गावातल्या थाळीच्या दीडपट. तो म्हणाला, "ही गावाला घ्या आणि मला नव्या शेतात एक बोट द्या. चाळीस चुलींत एकेचाळिसावी माझी समजा."

गाव कबूल झालं. एका बोटाने काय होतंय? खुंट थोडा जाड तासला, एकेचाळीस बोटं बरोबर बसतील असा.

वाटणीच्या आदल्या दिवशी बारुंग गांगुतबरोबर काठापर्यंत फिरायला गेला. काठावर एका जागी खडकातून झरा यायचा आणि सगळं वेरोंग त्याच झऱ्यावर जगायचं. झरा कुणाच्याही वाट्याला येवो, पाणी सगळ्यांचं, हे तिथे कुणी कधी बोलूनसुद्धा दाखवलं नव्हतं. बोलायचं काय त्यात?

बारुंग झऱ्याकडे बघत म्हणाला, "एम्पो, माझं बोट जरा पाण्याच्या अंगाला पडलं तर बरं होईल. आणि थाळी वाजवायला तुमच्याशिवाय दुसरं कोण शोभेल?"

गांगुत वळून गावाकडे चालू लागला. त्याला त्या रात्री झोप लागली की नाही, ते मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव खुंटाभोवती जमलं. एक बोट, दुसरं बोट, तिसरं. चाळिसावं बारुंगचं होतं आणि सगळ्यात शेवटचं लेम्बो नावाच्या विधवेचं. चाळिसाव्याला गांगुत खाली वाकला आणि त्याने बोटाऐवजी अंगठा टेकवला. पापणी लवायच्या आत खुणा केल्या आणि पुढे सरकला. लेम्बोच्या वाट्याला उरली ती बोटापेक्षा अरुंद फट. मध्यावर फरक तांदळाच्या दाण्याएवढा. काठावर वीस पावलं, आणि त्या वीस पावलांत झरा.

कुणाच्या लक्षात आलं नाही. लेम्बो तेवढी जवळ उभी होती. ती हळूच म्हणाली, "एम्पो, आज बोट जाड झालं का?"

"उन्हाने सुजलंय, एनू," गांगुत म्हणाला. एनू म्हणजे पोरी. लेम्बोने मान खाली घातली. कोंबड्याचं रक्त शिंपडलं गेलं, थाळी वाजली, आणि असं म्हणतात, की तिचा आवाज तीन दऱ्या ओलांडून गेला. समोरच्या डोंगरावरचे लोक हातातली कामं टाकून बाहेर आले. गांगुतला त्या दिवशी स्वर्ग दोन बोटं उरला होता.

आता चाळीस चुलींनी आपापल्या वाट्यात भात पेरला. बारुंगने काही पेरलं नाही. त्याने वाट्याभोवती बांबूचं दाट कुंपण घातलं, त्याला दार केलं आणि दार बांधून टाकलं.

"पेरणार कधी?" लेम्बोने विचारलं.

"पेरायची कशाला? जमीन ठेवून द्यायची. चार वर्षांत दुप्पट किमतीला जाईल."

"ठेवून द्यायला ती काय सुकी मासळी आहे?"

बारुंग मनापासून हसला आणि किनाऱ्याला निघून गेला. तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या मुलखात जमीन अशीच धरून ठेवतात, आणि स्वतःच्या जागेला कुंपण घालणं हा कुठे गुन्हा आहे? पण झरा कुंपणाच्या आत राहिला. कुंपण मोडावं, तर खुंट उभा होता. खुंट उभा असताना दुसऱ्याच्या वाट्यात पाऊल टाकणं वेरोंगच्या माणसाला जमलंच नसतं. मग बायका पाठीला बांबूच्या नळ्या बांधून पाण्यासाठी खाली नदीवर जाऊ लागल्या. सकाळी निघायच्या, दुपार कलली की परत यायच्या. भात पिवळा पडू लागला.

आणि असं म्हणतात, की गांगुतचा अंगठा त्याच दिवसांत जड व्हायला लागला. आधी काकडीएवढा, मग भोपळ्याएवढा. त्याला भाताचा वाडगा उचलवेना. आणि थाळी? ती रोज थोडी थोडी मुकी होत गेली. तीन दऱ्यांवरून दोनवर, दोनवरून एकीवर, आणि शेवटी मोगरी मारली तरी मडक्यावर थाप पडावी तसा ठप्प आवाज यायचा. गांगुतने वाजवणं सोडून दिलं. खुंट वेळेआधी फक्त वाटणी करणाऱ्यालाच उपटता यायचा, हे त्याला माहीत होतं. पण जो उपटेल त्याचा मान जायचा आणि त्याच्या चुलीला पुन्हा कधी बोटभरही जमीन मिळायची नाही, हेही माहीत होतं. म्हातारपणी शेत नसलेला माणूस खाणार काय? तो दारातल्या दगडावर बसून राहायचा आणि अंगठा मांडीखाली लपवायचा.

त्याला पाणी कोण आणून द्यायचं? लेम्बो. रोज परत येताना एक नळी त्याच्या दाराला टेकवून ठेवायची आणि एक शब्द न बोलता पुढे जायची. तिने शिव्या दिल्या असत्या तर गांगुतला ते सोपं गेलं असतं.

एके दिवशी नळी अर्धीच होती. लेम्बो म्हणाली, "आज एवढंच आहे, एम्पो. उतारावर पाय घसरला." तिचा गुडघा फुटला होता आणि रक्त घोट्यापर्यंत आलं होतं. गांगुतने तो गुडघा पाहिला, नळी पाहिली आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, तो म्हातारा हुंदके देऊन रडला. मग उठला आणि तडक शेतात गेला. अंगठा जमिनीवर ओढत नेत होता, असं म्हणतात, आणि त्याने पडलेला चर पुढे कित्येक वर्षं बुजला नाही.

योगायोग असा, की बारुंग त्याच दिवशी दोन गिऱ्हाइकांना जमीन दाखवायला आला होता. गाव गोळा झालं. गांगुत खुंटाला मिठी घालून म्हणाला, "बारुंगच्या वाट्याला मी बोट टेकवलं नाही, अंगठा टेकवला. थाळीसाठी टेकवला. लेम्बोची वीस पावलं मी चोरली." आणि त्याने खुंट उपटला.

बारुंग म्हणाला, "एम्पो, अंगठा काही मी मागितला नव्हता."

"नाहीस मागितला. पाप माझं आहे. तुझी थाळी मी स्वतः किनाऱ्यावर पोचवतो. तरी बोटभर जागा हवी असेल तर तेवढी तुझी. पण इथे ज्याची जमीन त्याचे हात मातीत जातात. पेरायला ये."

बारुंगने आपल्या हातांकडे पाहिलं, गिऱ्हाइकांकडे पाहिलं. "मी शेतकरी नाही हो, एम्पो," तो म्हणाला, आणि कुंपणाच्या दाराची दोरी स्वतःच सोडून डोंगर उतरून गेला. त्याला जाताना वाईट वाटत होतं असं म्हणतात. मला ते खरं वाटतं.

दोन घोड्यांचं ओझं त्याने कसं पेललं कुणास ठाऊक, पण थाळी पाठीवर घेऊन गांगुत तीन दिवस उतरला आणि पाच दिवस चढून रिकामा परत आला. तोवर गावाने वाटणीचा मान लेम्बोला दिला होता. खुंट जुनाच, एकेचाळीस बोटांचा, पुन्हा रोवला होता. ती बोटं टेकवत गेली आणि एकोणचाळीस चुली संपल्या. गांगुतचं बोट गेलेलं, बारुंगचं गेलेलं. खुंटाशी मोकळी जागा उरली.

लेम्बोने मागे वळून पाहिलं. गांगुत लांब, काठाशी उभा होता. ती म्हणाली, "एम्पो, या इकडे. इथे अंगठा टेकवा."

"माझा मान गेलाय, एनू."

"म्हणूनच टेकवा. ही जागा कुणाचीच नाही. ज्याला जमीन नाही, त्याने त्या वर्षी इथे पेरायचं. विधवा असो, वाट चुकून आलेला असो, कुणीही असो."

गांगुतने गुडघे टेकले आणि अंगठा मातीत रोवला. असं म्हणतात, की मातीला लागताक्षणी अंगठ्याचं सगळं ओझं उतरलं आणि तो पूर्वीसारखा झाला. मग त्याने मान वर करून विचारलं, "यंदा इथे पेरायचं कुणी?"

सगळ्या गावात जमीन नसलेला माणूस एकच होता. लेम्बोने बियाण्याची टोपली उचलली आणि त्याच्या हातात दिली.

वेरोंगमध्ये अजून नवं शेत काढलं की खुंटाभोवती सगळे जमतात. बोटं संपत आली की गावातली सगळ्यात म्हातारी बाई विचारते, "एम्पो, आज बोट जाड झालं का?" मग वाटणी करणारा अंगठा वर धरून सगळ्यांना दाखवतो आणि शेवटी तो मातीत टेकवतो. आता रस्ता झाला आहे, मोटारी वर येतात, त्यातून जमिनी बघणारी माणसं उतरतात. कधी एखाद्या वर्षी ती अंगठ्याची जागा न पेरलेली, नुसती नांगरून ठेवलेली दिसते आणि ते हमखास तिचीच किंमत विचारतात. गावकरी सांगतात, ती दिलेली आहे.

"कुणाला?" ते विचारतात.

"तो अजून यायचाय," गावकरी म्हणतात.