चौथे पाऊल

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. एका राज्यात चेंडू-दुरडीचा खेळ सर्वांना जिवापाड आवडे. उंच खांबाला वेताची दुरडी टांगलेली असे आणि दोन्हीकडचे पाच-पाच गडी तिच्यात चेंडू टाकायला धडपडत. हे गडी दरबारचे पगारी खेळाडू होते. खेळ हीच त्यांची भाकरी.

एक नियम फार कडक होता. चेंडू हातात धरून तीनच पावले टाकायची. चौथे पडले की चेंडू समोरच्यांचा. ते पाहायला मैदानाभोवती पाच पंच बसत. प्रत्येकाजवळ एक शिंग असे. ज्याला चूक दिसेल त्याने ते फुंकावे, दुसऱ्याची वाट पाहू नये, असा रिवाज होता. शिंग वाजल्यावर दुरडीत पडलेला चेंडू धरत नसत.

पुढे राजपुत्र खेळू लागला आणि चौघा पंचांना नवी सवय जडली. शिंग ओठांशी नेण्याआधी ते राजाच्या छत्राकडे पाहत. राजाच्या कपाळावर आठी दिसली, की शिंग पुन्हा मांडीवर येई.

"अहो पंच, मान खाली करा!" पहिल्या रांगेतली कोळीण ओरडे. "पाय जमिनीवर असतात, छत्राखाली नाही!"

लोक हसत. पंच ऐकून न ऐकल्यासारखे करत.

पाचवी पंच मात्र एक विणकरीण होती. नवरा गेल्यावर त्याचे शिंग तिच्याकडे आले होते.

एका वर्षी राजपुत्राच्या संघापुढे नदीकाठचा संघ उभा राहिला. हरले तर नदीकाठच्यांची चाकरी सुटणार होती. खेळ बरोबरीत आला. आता ज्याचा चेंडू आधी दुरडीत पडेल, तो जिंकणार.

राजपुत्र चेंडू घेऊन धावला. तीन पावले. चार. पाच. चेंडू दुरडीत पडला. पण चौथ्या पावलालाच एक शिंग वाजले होते.

राजा उठला. "चौघांना दिसलं नाही, ते तुला एकटीला कसं दिसलं?"

"ते छत्राकडे बघत होते, महाराज. मी पायांकडे."

"पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथं तर एकच मुख बोलतंय."

"मग बाकीच्यांना बोलू द्या. तीनच पावलं पडली, असं एकानं तरी म्हणावं."

चौघे मांडीवरच्या शिंगांकडे पाहत राहिले. खोटे बोलण्याइतकेही धाडस त्यांच्यात उरले नव्हते.

"हिचं शिंग काढून घ्या," राजा म्हणाला. "आणि राजपुत्राला चेंडू द्या. पुन्हा खेळू दे."

विणकरणीने शिंगावरून एकदा हात फिरवला आणि ते शिपायाला दिले. "न्या. डोळे माझ्याकडेच आहेत." ती जागची हलली नाही.

राजपुत्र धावला. पहिले पाऊल पडताच ती मोठ्याने म्हणाली, "एक!"

"दोन!" कोळीण ओरडली.

"तीन!" अख्खे मैदान गरजले.

राजपुत्राने चौथे पाऊल उचलले. सगळ्यांच्या नजरा त्या एका पायावर होत्या. पाय हवेतच अडखळला आणि चेंडू हातून निसटला. नदीकाठच्या गड्याने तो झेलला, तीन पावले टाकली आणि नेमका दुरडीत टाकला.

राजाने शिपायांकडे पाहिले. पण शिपाई तरी किती तोंडे बंद करणार?

नदीकाठच्यांची चाकरी राहिली. विणकरणीला शिंग परत मिळाले नाही. तिने मागितलेही नाही. दर खेळाला ती येई आणि लोकांत बसून पावले मोजी.

तात्पर्य: पंच राजाचे तोंड पाहू लागले, की लोकांनी मोठ्याने मोजावे.