वहीत नसलेलं पुस्तक

"मग बाबा, पाडव्यापासून वाचनाला मीच ना?"

दौलतबाबा हसले. "घाई झाली व्हय रे मुकुंदा?"

घाई तर होतीच. बाबांच्या मठातलं दुपारचं वाचन चाळीस वर्षं चालत आलेलं. चिंचेचा हंगाम आला, की गावातल्या बाया पाट्या भरून चिंचा आणायच्या, मठाच्या गार ओसरीत दगडावर हातोडीनं फोडत बसायच्या, आणि बाबा गादीवर बसून त्यांना वाचून दाखवायचे. पोथीच असं नाही हं. हाताला लागेल ते! आता मात्र बाबांच्या डोळ्यांनी दगा दिला होता. अक्षर दिसेना. गादीवर दुसरं कुणीतरी बसायला हवं होतं, आणि मुकुंद आवटे सरांच्या मते अख्ख्या तालुक्यात त्या लायकीचा माणूस एकच होता.

तसं अगदीच खोटं नव्हतं म्हणा. तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस, बारा वर्षं बाबांच्या पायाशी. वाचन दांडगं. पण तोराही तेवढाच दांडगा. हापूस हातात दिला तरी हा आधी कोयीला नावं ठेवणार.

"हल्ली काय वाचलंस?" बाबांनी विचारलं.

मुकुंद याचीच वाट बघत होता. त्यानं पिशवीतून वही काढली. "महिन्यात पाच पुस्तकं. टिपणं केलीत. वाचू?"

"वाच की. या बायाबी ऐकतील."

सात-आठ जणी होत्या. टक, टक, टक चाललं होतं.

मुकुंदनं घसा खाकरला. "पहिली कादंबरी. एका सरदार घराण्याच्या चार पिढ्या, सहाशे पानं. लेखकाला थांबायचं कुठं ते कळत नाही. तिसऱ्या पिढीपाशी मी पेंगलो."

टक, टक, टक.

"दुसरं प्रवासवर्णन. गृहस्थ सायकलवरून लडाखला गेले. डोंगर कमी, स्वतःचेच फोटो जास्त. तिसरा कवितासंग्रह. बत्तीस कविता, त्यातली एक बरी. चौथी रहस्यकथा, एसटी स्टँडवर घेतलेली. खुनी कोण ते मला तिसऱ्याच प्रकरणात कळलं."

"अगं, तुझी सून आली का माहेरून?" कौसाबाईनं शेजारणीला विचारलं. हातोडी काही थांबली नाही.

मुकुंद भडकला. "बघा बाबा! पालथ्या घड्यावर पाणी. यांचं लक्षच नाही."

"चार झाली," बाबा शांतपणे म्हणाले. "तू पाच म्हणाला व्हतास."

"पाचवं... ते सोडा. ते वहीत नाही."

"का?"

"त्याला पुस्तक तरी काय म्हणायचं! पुतण्यानं शेळ्या घेतल्यात, त्याचं शेळीपालनाचं पुस्तक घरात पडलं होतं. छपाई गचाळ, शुद्धलेखनाच्या नावानं आनंद..."

"पण वाचलंस."

"वाचलं."

"पुरं?"

मुकुंद वहीचा कोपरा दुमडत बसला.

"दोनदा," तो म्हणाला.

"मग सांग की."

"सांगण्यासारखं काय... लिहिणाऱ्यानं जन्मभर शेळ्या राखलेल्या. एकदा त्याची एक शेळी व्याली आणि मेली. पिल्लू मागं राहिलं. दुसऱ्या एका शेळीचं पिल्लू दगावलं होतं. तिला दूध होतं, पण ती याला जवळ येऊ देईना. लाथ मारायची, शिंगावर घ्यायची. मग त्यानं तिचंच दूध काढून पिल्लाच्या अंगाला चोळलं. दिवसातून चारदा तिला गच्च धरायचा आणि पिल्लू आचळाला लावायचा. असे आठ दिवस. नवव्या दिवशी त्यानं लिहिलंय, 'आज तिला धरलं नाही. पिल्लू सोडलं आन् बाजूला हुबा राहिलो.'"

मुकुंदनं वही मिटून मांडीवर ठेवली.

"पहिल्यांदा वाचताना तिथं मी पुस्तक मिटलं, बाबा. माझी आई मला जन्म देऊन गेली. काकूनं मला अंगावर पाजलं, स्वतःच्या लेकीच्या वाटणीचं. आणि अठ्ठावन्न वर्षं मी तिला काकूच म्हणत आलो... उठलो. स्वयंपाकघरात ती तांदूळ निवडत बसली होती. म्हटलं, 'आई, चहा टाकू?'"

"मग?"

"मान वर नाही केली तिनं. म्हणाली, 'टाक. साखर बेतानं घाल.' पण बाबा, ती खडे ताटात ठेवत होती आणि तांदूळ वेचून फेकत होती."

मुकुंदला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळेही भरून आले. इतकं मनमोकळं तो कित्येक वर्षांत हसला नव्हता. त्यानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की ओसरी एकदम गप्प झाली आहे.

टकटक बंद होती. कुणाच्या हातात चिंच तशीच, कुणाची हातोडी वरच्या वर. कौसाबाई पदरानं नाक पुसत होती.

मुकुंद ओशाळला. लगबगीनं त्यानं वही पुन्हा उघडली. "असो. हे काही टिपण नव्हे. भलतंच बोलत बसलो. तर बाबा, ती सरदारांची कादंबरी..."

"असो काय, असो!" कौसाबाई कडाडली. "जळ्ळी ती कादंबरी!"

गादीची कड चाचपत बाबा खाली उतरले. भिंतीला हात लावत चार पावलं चालले आणि बायांच्या घोळक्यात येऊन उभे राहिले. कौसाबाईनं घाईघाईनं पाटी सरकवून त्यांना जागा करून दिली. बाबा तिथं मांडी घालून बसले.

गादी रिकामी होती. मुकुंद तिच्याकडे बघत राहिला, मग बाबांकडे.

"बाबा... म्हणजे मी बसू?"

बाबांनी कान त्याच्याकडे वळवला.

"नवव्या दिवशी शेळीनं काय केलं रे?"